एकशे सतरा नंबरची बाई

निकिताचं उत्तर अधिक आलं आणि बाकी अकरा जणांचं उणे, तेव्हा चूक कोणाची हे मी क्षणभरही न थांबता ठरवून टाकलं. मंगळवारचा संख्याशास्त्राचा तास होता, एम. ए. मानसशास्त्र दुसरं वर्ष, जानेवारीतली सकाळ संपत आलेली. कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीतून चांगलं ऊन येत होतं आणि तरी पोरी स्वेटर काढायला तयार नव्हत्या. सरावासाठी मी आदल्या दिवशीच माझ्याच पीएच. डी. ची आकडेवारी दिली होती. दरवर्षी देते. राळेगाव तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या दोनशे बायका. एका रकान्यात त्यांनी शेतात किती वर्षं काढली ते, दुसऱ्यात जीवनसमाधानाचे गुण, शंभरपैकी. दोन्हींचा सहसंबंध काढायचा. उत्तर येतं उणे शून्य पूर्णांक एक्केचाळीस, म्हणजे शेतात जितकी वर्षं जास्त तितकं समाधान कमी. हे उत्तर मला स्वतःच्या मोबाइल नंबरासारखं पाठ आहे. प्रबंधात आहे, दोन परिषदांमध्ये मी ते वाचून दाखवलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तरावर मी नुसती पदवी मिळवली नाही, घरातली माणसंही त्याच उत्तराप्रमाणे हलवली आहेत. यंदा फरक एवढाच, की नव्या अभ्यासक्रमात तास वाढले म्हणून तयार बेरजा न देता मी त्या बायकांची वाक्यावाक्याला दिलेली मूळ उत्तरं मुलांना दिली. बेरीजही त्यांनीच करावी, हात वळावा, एवढाच हेतू होता.

"निकिता, तुझं चिन्ह चुकलंय," मी म्हणाले.

"नाही मॅडम, मी दोनदा केलं."

"मग तिसऱ्यांदा कर."

मागून विक्की म्हणाला, "मॅडम, तिच्या कॉम्प्युटरले सर्दी झाली असन." वर्ग हसला, आणि मीही हसले. मला हसायला नको होतं. निकिता घाटंजीहून रोज एसटीने येते, तासाला कधी उशीर करत नाही आणि कधी बोलतही नाही. अशा मुलीला हसणं सोपं असतं. तिचे कान लाल झाले. पण ती गप्प बसली नाही. प्रश्नावलीचा कागद हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, चार नंबरचं वाक्य पाहा नं. 'माझं जिणं वाया गेलं असं मला वाटतं.' त्याले या बाईनं एक दिला. एक म्हंजे अजिबात पटत नाही. मंग थे चांगलंच झालं नं? तुम्हीच मागच्या हप्त्यात सांगतलं, उलट्या वाक्याचे गुण उलटे करा लागते म्हणून. इथं वीसातले चवदा वाक्यं उलटे आहेत. मी चवदाही उलटे केले."

"आणि उत्तर?"

"अधिक शून्य पूर्णांक अडतीस."

मी म्हणाले की यावर आपण पुढच्या तासाला बोलू, आणि वर्ग सोडून दिला. तास संपायला चाळीस मिनिटं बाकी होती. मुलं काय, दोन मिनिटांत पांगली. सिग्मा पाहिला की पाणी प्यायला जाणारा ऋतिक तर मला नमस्कार करून गेला. मी खुर्चीत बसून राहिले. मी घाबरले होते. घाबरल्यावर शरीरात काय होतं ते मी पहिल्या वर्षाला शिकवते, फळ्यावर आकृती काढून, कुठली ग्रंथी कुठे आणि ती काय सोडते. पण आकृती येते म्हणून भीती थांबत नाही.

ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी सांगते, गोष्ट अगदी साधी आहे. वीस वाक्यं असतात. प्रत्येक वाक्य कितपत पटतं ते एक ते पाचमध्ये सांगायचं. माणूस नुसती मान डोलवत 'हो हो' म्हणत सुटू नये म्हणून काही वाक्यं सुखाची ठेवतात, काही दुःखाची. 'मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो' याला पाच मिळाले तर पाच धरायचे. 'सकाळी उठावंसं वाटत नाही' याला पाच मिळाले तर मात्र एक धरायचा, आणि एक मिळाला तर पाच. हे केलं नाही तर सुखी माणूस दुःखी निघतो आणि दुःखी सुखी. माझ्या चाचणीत दुःखाची वाक्यं चौदा होती आणि सुखाची सहा. आणि मी, डॉ. दीपा बबनराव मुनेश्वर, यांनी वीसही वाक्यांची सरळ बेरीज मारून ठेवली होती.

विभागात कोणी नव्हतं. मी कपाटातून चाचणीची जुनी माहितीपुस्तिका काढली. पुस्तिका कसली, झेरॉक्स. मूळ प्रत एका दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयात होती आणि एका उन्हाळ्यात मी तिथे जाऊन ती घाईघाईने काढून आणली होती. सात पानं. सातव्या पानाची शेवटची ओळ अशी होती: 'गुणदान करताना पुढील बाबी कटाक्षाने ध्यानात घ्याव्यात.' आणि पान संपलं होतं. आठवं पान नव्हतंच. मागच्या बाजूला छापलेलं असणार आणि झेरॉक्सवाल्याने पान उलटलं नसणार. मी तेव्हा ती ओळ वाचली होती, हे मला चक्क आठवलं. वाचून मनात आलं होतं, ध्यानात काय घ्यायचंय एवढं, बेरीज तर करायची. आर्ट्सवाल्यांना संख्याशास्त्राची जी भीती असते ती मला कधीच नव्हती. मला त्याची घमेंड होती. माझे मार्गदर्शक भले होते, त्यांनी निष्कर्षाचं प्रकरण वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे, उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला कसलं समाधान. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनीही तेच म्हटलं आणि चहा मागवला. सगळ्यांना आधीच माहीत असलेलं उत्तर आलं होतं, त्यामुळे कोणी ते तपासलं नाही. उत्तर जर अधिक आलं असतं तर त्या दिवशी मला कोणी जेवायलाही सोडलं नसतं. पुढे गुण उलटे करायची पद्धत मी नीट शिकले, वर्षानुवर्षं शिकवलीही, पण माझा स्वतःचा प्रबंध त्या शिकवण्यात मी कधी आणून बसवला नाही. मन जिकडे बघायचं नाही तिकडे कसं बघत नाही, हासुद्धा माझ्या अभ्यासक्रमातला भाग आहे, चार गुणांची टीप येते त्यावर.

पदवीचं काय होईल, हा विचार आला. नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, हेही आलं. पण मी ते विचार करत होते तेव्हा माझा हात माऊसवर होता आणि तो खाली खाली जात होता, शंभरच्या पुढे, एकशे दहा, एकशे पंधरा. कारण मला खरी भीती त्यातल्या कशाचीच नव्हती. एकशे सतरा नंबरची बाई माझी आई होती.

स्वतःच्या आईला नमुन्यात घ्यायचं नसतं. पण एकशे नव्याण्णव बायका झाल्या होत्या, वेचणी संपत आली होती आणि मला दोनशेचा आकडा गोल हवा होता. आई आमच्या गावातल्या वीस बायकांच्या टोळीत होती, तिशीपासून होती. वडील जिनिंगमध्ये हमाल, ते मी दहावीत असताना गेले; त्यानंतरचं माझं सगळं शिक्षण आईच्या वेचणीतून आणि निंदणातून झालं. बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून वाक्यं वाचून दाखवून उत्तरं लिहून घ्यावी लागत. मी कॉलेजातली बाई, माझ्यापुढे त्या पदर सावरून बसायच्या आणि चांगलं चांगलं बोलायच्या, त्यामुळे ते काम मी माझ्या मामेबहिणीला दिलं होतं. नलू तेव्हा बारावी झाली होती. ती बायकांबरोबर कपाशीच्या ओळींमधून चालायची, कमरेला फडकं बांधून कापूस वेचता वेचता वाक्य म्हणायची आणि उत्तर आलं की कागदावर खूण करायची. आईचा कागदही तिनेच भरला, मधेच एका रिकाम्या राहिलेल्या नंबरावर. मला म्हणाली, "आत्याचा एकशे सतरा हाय, तू पाहू नको." मी पाहिला नाही. आकडे कॉम्प्युटरवर चढवताना कागद नुसते सरकत गेले. पण बेरजा झाल्यावर कोणाचे गुण सगळ्यांत कमी ते मशीनने आपणहून वर आणून ठेवलं. एकशे सतरा. शंभरपैकी सत्तेचाळीस. दोनशे बायकांत एवढे कमी कोणाचेच नव्हते.

त्या दिवशी मी होस्टेलच्या खोलीत दार लावून रडले होते. वणीच्या खाणीत नोकरीला असलेल्या माणसाशी झालेलं लग्न मोडून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, पण त्या लग्नासाठी मी अशी रडले नव्हते. दोनशे कष्टकरी बायकांमधली सगळ्यांत असमाधानी बाई, आणि तिला तसं केलं कोणी, तर जिच्या फिया ती भरत होती तिने. मी हे कोणालाही सांगितलं नाही. नोकरी लागली, यवतमाळात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर गावी जाऊन आईचं गाठोडं बांधलं. ती म्हणाली होती, "मले कायले नेतं वं? माह्या बाया हायत इथं." मी म्हणाले होते, "पुरे झालं आता तुझं शेत." माझ्याकडे पुरावा होता. तिला काय वाटतं हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं, दोन दशांश स्थळांपर्यंत. तेव्हापासून पंधरा वर्षं मी तिला जपते आहे. तिच्यापुढे शेताचा विषय काढायचा नाही. कापसाची बातमी लागली की चॅनल बदलायचा. ती खिडकीत बसून बाहेर बघत राहिली की मी समजायची, आता हिला ते सगळं आठवतंय. वर्षातून दोनदा ती गावी नलूकडे जायची, आणि तिसऱ्या दिवशी परत. तोंडाने एवढंच म्हणायची, "करमलं नाही." मी मनात म्हणायची, कसं करमेल. पंधरा वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही की तू सुखात आहेस का. ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते मुद्दाम विचारून कोणाला का दुखवायचं.

त्या मंगळवारी मी एकशे सतराव्या ओळीत बारा ठिकाणी एकाचे पाच केले. एका ठिकाणी दोनाचे चार. एका ठिकाणी चाराचे दोन. ओळीच्या शेवटची बेरीज आपोआप बदलत गेली, साठ, सत्तर, नव्वदच्या पुढे, आणि पंचाण्णवला थांबली. मी पुन्हा केलं. मग सगळ्या दोनशे ओळींचं केलं, आणि कोण सगळ्यांत वर ते पाहिलं. एकशे सतरा. आता दोनशे बायकांमध्ये एवढे गुण कोणाचेच नव्हते. विभागातला पंखा बंद होता, कॉरिडॉरमध्ये शिपाई अक्षय फोनवर कोणाशी तरी भांडत होता, आणि मी एकटीच मोठ्याने म्हणाले, "अगं बाई." मला हसू येत होतं आणि ते चेहऱ्यावर कसं आणायचं ते कळत नव्हतं. छातीवरचं वजन उतरलं असं लोक म्हणतात. मला तसं नाही झालं. मला आधी भूक लागली. सकाळपासूनचा डबा तसाच होता तो मी उघडला आणि उभ्यानेच अर्धा संपवला, पोळी, आईच्या हातची मिरचीची भाजी.

मग माझ्यातली प्राध्यापक जागी झाली. तिला सुख असं हातात मिळालेलं चालत नाही. ती म्हणाली, नलू घरचीच पोरगी, तिच्यापुढे बाई खरं बोलली असेल कशावरून? माणसं चांगलं दिसण्यासाठी उत्तरं देतात, याला एक नाव आहे, त्याची एक वेगळी चाचणीही आहे. म्हणून मी कपाटावरचं गाठोडं उतरवलं. मूळ कागद मी टाकले नव्हते, साडीच्या जुन्या किनारीने बांधून ठेवले होते. एकशे सतरा नंबरचा कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा माणसासारखा वाचला. नलूचं बारावीचं अक्षर, पेन्सिलीच्या खुणा. आणि समासात, हे मला माहीतच नव्हतं, तिने बारीक अक्षरात बायकांची वाक्यं लिहून ठेवली होती. सगळ्यांची नाही, जिथे तिला गंमत वाटली तिथे. 'माझं जिणं वाया गेलं' याच्यासमोर लिहिलं होतं: 'हसली. म्हणे हे कोनं लिवलं, त्याले जेवाले घाला.' 'मला समजून घेणारं कोणी नाही' याच्यासमोर: 'म्हणे एकोनीस हायत, समजून घेता घेता डोकं खाते.' 'माझ्या कामाचा मला अभिमान वाटतो' याला पाच, आणि समोर: 'म्हणे धावजीच्या वावरात सगळ्याइच्या पुढं मी असतो का नाही ते सांग आधी.' ही माझी आई होती. हा आवाज मी ओळखत होते, लहानपणी रोज संध्याकाळी तो रस्त्यावरून घराकडे यायचा, बाई दिसायच्या आधी तिचं हसणं यायचं. तो आवाज मी कुठे ठेवून दिला होता इतकी वर्षं, एका बेरजेच्या भरवशावर?

दुःखाच्या चौदा वाक्यांपैकी एकच तिला पटलं होतं. तेरा नंबरचं. 'घरच्यांच्या काळजीने मला झोप लागत नाही.' चार, म्हणजे बऱ्यापैकी पटतं. समासात काही लिहिलेलं नव्हतं. तिथे नलूने गंमत लिहिली नव्हती. कागदावरची तारीख पाहिली. मी वणीहून परत आले त्याच्या दोन महिन्यांनंतरची.

निकिता बसची वाट बघत फाटकाशी उभी होती, दीडची घाटंजी. तिच्या हातात सोललेलं संत्रं होतं. मला बघून तिने ते पाठीमागे लपवलं, का कोण जाणे.

"निकिता, तुझं बरोबर आहे," मी म्हणाले. "चूक माझी होती. पंधरा वर्षांपूर्वीची. उद्या वर्गात मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण तुला आधी सांगायचं होतं. आणि मघाशी मी हसले त्याबद्दल, माझं चुकलं."

ती म्हणाली, "मले वाटलं मॅडम, तुम्ही रागावल्या. म्हणून वर्ग सोडला."

"रागावले नव्हते. घाबरले होते."

"तुम्ही?" तिने मान वर केली. "मी त रात्री हे करून पाह्यलं तेव्हाच घाबरली होती. म्हटलं मॅडमच्या पीएच. डी. चं उत्तर उलटं येऊन राह्यलं, आता का करू? सांगू का नको सांगू? माह्या आईनं म्हटलं, तुले जे आलं तेच लिव." आणि मग जे तिला खरंच विचारायचं होतं ते विचारलं. "मॅडम, पण अधिक काहून आलं असन? एवढ्या वर्षं उन्हात राबून बाया खूश कशा?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला या विषयातलं काहीतरी माहीत नव्हतं आणि ते फार बरं वाटलं. मी तिला म्हणाले, कदाचित ज्या खूश होत्या त्याच टिकल्या असतील, बाकीच्या सोडून गेल्या असतील. कदाचित टोळीमुळे असेल. कदाचित आणखी काही. आपण जाऊन विचारू, तुझा प्रकल्प यावरच कर. तिची बस आली. चढताना तिने मागे वळून विचारलं, "मंग इंटर्नलचे मार्क?" आणि मी म्हणाले, "पूर्ण." विद्यापीठाला पत्र मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, दोन पानी, नव्या तक्त्यासकट. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आमच्या विद्यापीठाचा वेग पाहता मी निवृत्त होईपर्यंत तरी माझी पदवी कुठे जात नाही, असं विभागातले सगळे मला धीर देण्यासाठी सांगतात.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. आई फ्लॅटमध्ये नव्हती. ती खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मागे जिथे हिवाळ्यात ऊन पडतं तिथे, जुन्या सतरंजीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बरोबर बिल्डिंगमधल्या तीन बायका. मी रोज साडेपाचला येते, तोवर हे सगळं उठलेलं असतं. त्यामुळे ही बैठक मी कधी पाहिली नव्हती. आई काहीतरी सांगत होती आणि बँकेतल्या साहेबांची बायको पोट धरून हसत होती. मला बघताच आईचा चेहरा बदलला. हसू गेलं, तिथे काळजी आली. मी तो बदल डोळ्यांनी पाहिला. पंधरा वर्षं मला फक्त त्याच्यानंतरचा चेहरा बघायला मिळाला होता, आणि तोच तिचा चेहरा असं मी धरून चालले होते.

"लवकर काहून आली? बरं नाही का?"

"बरं हाय," मी म्हणाले आणि सतरंजीवर बसले. कॉलेजची इस्त्रीची साडी होती. त्या तिघी जरा अवघडल्या, मुनेश्वर मॅडम खाली बसल्या म्हणून, आणि चहाच्या वेळेचं निमित्त करून एकेक उठल्या. आम्ही दोघी राहिलो. मी एक शेंग घेतली आणि सोलली. माझ्या हाताने दाणे सांडले.

"माय, तुले एक विचारू?"

"विचार."

मला वीस वाक्यं पाठ होती. एकही तोंडात येईना. "तुले इथं करमते का?"

तिने हातातली शेंग ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "कोनं काय म्हनलं तुले? त्या दुसऱ्या मजल्यावालीनं का?"

"कोनी नाही म्हनलं. मीच विचारून राह्यली."

"करमते. न करमाले काय झालं? चार बाया भेटल्या का मले कुठंही करमते."

"आन् शेतात होती तेव्हा?"

"तेव्हा त मजाच होती," ती म्हणाली, आणि तो आवाज आला, रस्त्यावरून यायचा तो. "वीस जनी आम्ही. कंबर जाये, बोटं फाटत, थे खोटं नाही सांगत. पन हासनं केवढं! नलूले विचार. ती नाही का थे तुह्ये कागद घेऊन ये, काय काय विचारे, जिनं वाया गेलं का म्हने. आम्ही घरी येईलोक हासलो."

मी म्हणाले, "मंग तू माह्यासंग आली काहून? नाही म्हनाची."

आईने सूप पुढे ओढलं. सुपातले दाणे बोटाने एका बाजूला केले, किडके दुसऱ्या बाजूला. मग खालीच बघत म्हणाली, "तू वनीहून आलती, तुले याद हाय का? दोन महिने बोलली नाही. ताटावर बसे अन् उठून जाये. थे कागद घेऊन बसे कोपऱ्यात. मले रात रात झोप नाही. मंग तुले नौकरी लागली अन् तू आली, म्हने माय माह्यासंग चाल. मले वाटलं, हिले एकटीले राहवत नाही, पन तोंडानं म्हनत नाही. शिकलेली हाय, लाजते. म्हनून मी गाठोडं उचललं."

"अवं, मी तुह्यासाठी आनलं तुले!"

"माह्यासाठी?" ती खरोखर चकित झाली. "मले काय झालतं?"

मी हसायला लागले. हसता हसता रडायलाही लागले, आणि ते लपवावं असं मला वाटलं नाही. पंधरा वर्षं एका घरात दोन धडधाकट बायका एकमेकींना दुखणाईतासारखं सांभाळत होत्या. तिसऱ्या दिवशी ती गावाहून परत यायची ती मी एकटी आहे म्हणून. खिडकीत बसायची ती माझी स्कूटर दिसते का ते बघायला. मी चॅनल बदलायची तेव्हा ती समजायची की मला बातम्या सोसत नाहीत. आईने पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच, लहानपणी पुसायची तसं.

"तुले करमते का पन?" तिने विचारलं.

दोनशे बायकांना मी हा प्रश्न वीस प्रकारे विचारला होता. मला तो कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मी त्याची वैधता तपासत बसले असते. मी विचार केला. सकाळचा वर्ग आठवला, निकिताचे लाल कान, फाटकाशी उभं राहून 'माहीत नाही' म्हणताना आलेली मजा. वणीचा माणूस आठवला, तर त्याचा चेहरा पुरता आठवेना.

"करमते, माय," मी म्हणाले. "कवाचंच करमते."

"खरं?"

"खरं."

तिने सूप बाजूला सारलं. कनवटीचा फोन काढला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि नलूचा फोटो शोधून त्यावर बोट दाबलं. फोनवर बोलायचं म्हणजे गावापर्यंत आवाज पोचला पाहिजे असं तिला वाटतं, त्यामुळे वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडली.

"नलू! हो, मीच. आइक, येचाई संपली का तुमची? ... मंग मी येऊन राह्यली परवा. ... नाही वं, दोन रोज नाही, चांगली महिनाभर येतो. ... हाव, ती राह्यन एकटी. ... नाही, नाही, काई नाही झालं तिले. पोरगी मजेत हाय. मले आजच समजलं."